तेवीस जणांच्या फोटोत एक बाई

ताई: सीरियाच्या मंत्रिमंडळाचा फोटो टाकलाय ग्रुपवर, मार्च २०२५ चा. २३ मंत्री, त्यात बाई एकच, हिंद कबावात. आणि खातं? समाजकल्याण आणि कामगार. ठरलेलंच!

अण्णाकाका: अगं, तिथला हुकूमशहा असद पळून चार महिनेही झाले नव्हते तेव्हा. आधी वीज, पगार, बंदुका गोळा करणं. बायकांचं बघतील नंतर.

आत्या: हे "नंतर" जन्मभर ऐकतेय मी.

अण्णाकाका: असदच्या राज्यात होत्या की बायका! नजाह अल-अत्तार २००६ पासून उपराष्ट्रपती. काय उजेड पडला?

ताई: सगळी सत्ता एका घरात असली की उपराष्ट्रपतीला विचारतो कोण, काका? बाई असो की बुवा.

दादा: डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारचा प्रवक्ताच म्हणाला होता, बाईचा पिंड संरक्षण खात्यासारख्या कामाला मानवत नाही. दमास्कसच्या उमय्याद चौकात निदर्शनं झाली, पुरुषही होते त्यात. त्याच महिन्यात मैसा साब्रीन मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नर झाल्या.

अण्णाकाका: बघा, दिलं की नाही!

ताई: काही महिन्यांत गेल्याही. पुढचे गव्हर्नर पुरुष.

मी: मला खरी मेख ऑक्टोबर २०२५ च्या संसदेच्या निवडणुकीत दिसते. थेट मतदान नव्हतंच. मतदार मंडळं नेमली, त्यांनी खासदार निवडले. मंडळांत किमान २० टक्के बायका हव्यात असा नियम होता, पण निवडून येणाऱ्यांसाठी काहीच नाही. निकाल काय, तर तेव्हा भरलेल्या ११९ जागांवर ६ बायका. म्हणजे आरक्षण मत देणाऱ्यांच्या रांगेत, खुर्चीवर नाही. नियम पाळला, आणि पाळून काही झालं नाही.

अण्णाकाका: एकूण २१० खासदारांपैकी ७० तर अध्यक्षच नेमणार ना? घालतील त्यात बायका. मिटलं.

आत्या: अण्णा, नेमलेली बाई नेमणाऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलते. मला आपल्या सोसायटीच्या कमिटीत "महिला सदस्य" म्हणून घेतलं होतं, आठवतंय? चार मीटिंगा फक्त हजेरीची सही. पाचवीला पाण्याच्या टाकीच्या खर्चाचा हिशेब मागितला, तर म्हणे, वहिनी, तुम्ही गणपतीचं बघा.

दादा: 😂

अण्णाकाका: हसू नकोस. तेव्हा मी होतो सेक्रेटरी.

अण्णाकाका: ताई, तो फोटो परत टाक गं. मला त्यात बाई दिसलीच नाही.

आत्या: मोठा करून बघ.