मदत हवी आहे: उन्हाळ्यात लसूण कसा टिकवायचा?
आमच्याकडे शेंगाचटणी कायम लागते, म्हणून लसूण किलोनेच घेते. सुका, घट्ट गड्ड्यांचा निवडून आणला तरी सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की पाकळ्या पोकळ होतात. दाबलं की नुसतं साल हातात येतं. जाळीच्या पिशवीत, वाऱ्यावर, बटाट्यांपासून लांब टांगून पाहिला. गड्ड्या फ्रिजमध्ये ठेवल्या तर बाहेर काढल्यावर लगेच कोंब येतात. सोलून तेलात घालून ओट्यावर ठेवणार नाही, त्यात बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा, धोका असतो. पेस्ट भाजी-आमटीला ठीक, पण चटणी कुटायला कोरडाच लसूण हवा, नाहीतर ती ओलसर होऊन लवकर खराब होते. घर वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. थंड कोपरा नाहीच. सोललेल्या अख्ख्या पाकळ्या फ्रीझरमध्ये ठेवून कुणी चटणी कुटली आहे का? पाणी सुटतं का, आणि लसणाचा झणका तसाच राहतो का?