हुजुरांमधले 'मवाळ' : हा शब्द बरोबर आहे का?

दर्यापूरकडून

आमच्या पानठेल्यावर सकाळचा पेपर मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे आहे. परवा ब्रिटनवरचा एक लेख वाचत होतो. २०१९ ची गोष्ट. ब्रेक्झिटवरून हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या २१ खासदारांनी आपल्याच सरकारविरुद्ध मत दिलं आणि 'पक्षाने त्यांचा व्हिप काढून घेतला'. मी छातीठोकपणे सांगितलं, म्हणजे त्यांना मोकळीक दिली, कसंही मत द्या. पुढच्याच ओळीत ते पक्षाबाहेर! ठेलाभर हशा. आपल्याकडे व्हिप म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, तो बजावतात, तिकडे व्हिप काढला की माणूस संसदीय पक्षातून गेला. त्या २१ मध्ये चर्चिलचा नातूही होता.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. लेखात या २१ जणांना 'मवाळ' म्हटलं होतं, विरुद्ध गटाला 'जहाल'. बाकावरचे एक काकाजी म्हणाले, "मवाळ म्हंजे हरनारेच का गा?" मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही काय म्हणाल?

अमरावतीहून

काकाजींनी नेमकं दुखणं पकडलं. ही जोडी आपल्याकडे काँग्रेसच्या भांडणातून रुजली. १९०७ चं अधिवेशन खरं तर नागपूरला व्हायचं होतं. तिथे टिळकांच्या माणसांचा जोर, म्हणून ते सुरतेला हलवलं, आणि सुरतेत जोडा फेकण्यापर्यंत मजल गेली. आमच्या एकट्या अमरावतीत दोन्ही बाजू नांदत होत्या : दादासाहेब खापर्डे टिळकांचे, रघुनाथराव मुधोळकर मवाळ. दोघेही इथलेच वकील. मुधोळकर १९१२ मध्ये बांकीपूरला काँग्रेसचे अध्यक्षही झाले. तरी मराठी कानाला 'जहाल' म्हटलं की टिळक दिसतात, आणि 'मवाळ' म्हटलं की अर्ज-विनंत्या. एका शब्दाला तेज चिकटलंय, दुसऱ्याला लाचारी.

आता हेच शब्द परदेशातल्या उजव्या पक्षांना लावले की बातमीदाराच्या नकळत एका गटाला टिळकांची पगडी मिळते. शिवाय भांडणाची जातही वेगळी. आपल्या जहाल-मवाळांना जायचं होतं साधारण एकाच दिशेला, वाद मार्गाचा आणि वेगाचा. उजव्या पक्षांतला वाद पुष्कळदा सोबतीचा असतो : आपल्याहून कडव्या पक्षाच्या पंगतीला बसायचं की नाही. जर्मनीत जानेवारी २०२५ मध्ये मेर्त्स यांच्या उजव्या सीडीयू पक्षाचा स्थलांतरितांविषयीचा ठराव एएफडी या कडव्या उजव्या पक्षाच्या मतांमुळे ३४८ विरुद्ध ३४४ असा पास झाला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पक्षाच्या माजी चॅन्सेलर मेर्केलबाईंनी जाहीरपणे हे चूक म्हटलं. इथे मेर्त्स जहाल का? नाही. मेर्केल मवाळ? तेही पटत नाही.

मी 'मध्यममार्गी' आणि 'कडवे उजवे' लिहितो. जड आहे, पण कुणाची बाजू घेत नाही.

वरूडहून

'मध्यममार्गी' हा शब्द ठेल्यावर चालणार नाही भाऊ, जीभ अडखळते.

गंमत सांगतो. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या काळात त्यांच्याच हुजूर पक्षातल्या नरम लोकांना 'वेट' म्हणून हिणवायचे, बाईंच्या बाजूचे ते 'ड्राय'. इंग्रजीत वेट म्हणजे लेचापेचा. याचं 'ओले' आणि 'कोरडे' करा, सगळं उलटं होतं! आपल्याकडे ओलिताचं शेत म्हणजे भाग्य, कोरडवाहू म्हणजे पावसाकडे डोळे. ज्याच्या मनात ओलावा तो भला, कोरडा माणूस नकोसा. शिवीचा आशीर्वाद झाला. बाईंना कळलं असतं तर त्यांनी वऱ्हाडी भाषांतरावर बंदी घातली असती.

अकोटहून

'हुजूर' शब्दाचंही बघा की. मूळ पक्षाच्या नावाचा अर्थ 'आहे ते जपणारे', आणि आपण बसवला 'हुजूर', समोर यमक जुळवून 'मजूर'. पहिल्या दिवसापासून एक मालक, दुसरा राबणारा. एवढं झाल्यावर आतल्या गटांना काय नाव द्यायचं हा फार पुढचा प्रश्न.

दर्यापूरकडून (मूळ प्रश्नकर्ता)

सगळी उत्तरं ठेल्यावर वाचून दाखवली. 'मध्यममार्गी'ला काकाजींनी हात हलवला. वेट-ड्रायवर मात्र खो-खो हसले. मग म्हणाले, "हे तं धुऱ्याचं भांडन हाय. शेजारी दरसाल नांगराचं एक तास आत सरकते. मंग घरातला एक म्हनते, जाऊ द्या, आपलाच मानूस हाय. दुसरा म्हनते, मोजनी आना."

मी विचारलं, "यातला मवाळ कोणता, काकाजी?"

त्यांनी सुपारी कातरणं थांबवलं, आणि मला परत पेपर वाचायला लावला.