‘हायलँडर’ नव्यानं काढावा का? मी म्हणतो, नको

नंदगडकर

इतकी वर्षं नुसती हवा होती, आता खरंच व्हायलंय. १९८६ चा ‘हायलँडर’ नव्यानं काढायलेत. दिग्दर्शक ‘जॉन विक’वाला चॅड स्टाहेल्स्की, कॉनर मॅक्लाउड म्हणून हेन्री कॅव्हिल, रामिरेझ म्हणून रसेल क्रो, खलनायक कुर्गन म्हणून डेव्ह बॉटिस्टा. २००८ ला घोषणा झाली, मग दिग्दर्शक आले आणि गेले. २०२५ मध्ये चित्रीकरणाच्या तोंडावर सरावात कॅव्हिलला दुखापत झाली आणि काम २०२६ वर ढकललं. कायमचं ढकललं असतं तरी मला चाललं असतं.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्कॉटलंडच्या डोंगरी मुलुखातला कॉनर १५३६ च्या लढाईत तलवार आरपार जाऊनही मरत नाही. भाऊबंदच म्हणतात, ह्याच्यात सैतान शिरलाय, आणि मारत मारत त्याला गावाबाहेर काढतात. पुढं रामिरेझ नावाचा परका माणूस येऊन सांगतो की तू अमर आहेस, तुझ्यासारखे आणखी आहेत, मुंडकं उडवल्याशिवाय आपल्यातलं कुणी मरत नाही, देवाच्या जागेत लढायचं नाही आणि शेवटी एकच उरणार. तो शेवट होतो १९८५ च्या न्यूयॉर्कमध्ये.

तलवारी, विजा, फुटणाऱ्या काचा हे सगळं आहेच. पण ज्यांच्या मनात हा सिनेमा घर करून राहिला, त्यांच्या मनात तो हेदरमुळं राहिला. हेदर म्हणजे कॉनरची बायको. रामिरेझ त्याला बजावतो की तिला सोड, मी ह्या दुःखातून तीनदा गेलोय. कॉनर ऐकत नाही. मग एका गाण्यात तिचे केस पिकतात, तिला चालवत नाही, आणि हा मात्र तोच, एक सुरकुती नाही. तिला उचलून घरात नेतो. तिला प्रश्न पडलेला असतो की हा अजून आपल्यापाशी का राहिलाय. मरताना ती एवढंच मागते की माझ्या वाढदिवसाला मेणबत्ती लाव. चारशे वर्षांनंतर न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये तो ती लावताना दिसतो.

हा भाग कच्चा असतानाच ‘क्वीन’ बँडच्या ब्रायन मेनं पाहिला आणि घरी जाताना गाडीतच त्याला गाणं सुचलं. ते गायलेल्या फ्रेडी मर्क्युरीला १९९१ मध्ये मरण आलं. कायम जगायचंय कुणाला, असं विचारणारा तो आवाज आता ऐकताना अंगावर काटा येतो. हे पुन्हा कसं जमवणार? आताच्या सिनेमात लढाया दुप्पट होतील आणि हेदरला दोन मिनिटं मिळतील. म्हणून म्हणतो, हात लावू नका.

टिळकवाडी पहिलं गेट

नंदगडकर, हेदरबद्दल लिहिलेलं सगळं मान्य. पण तुम्ही दहा मिनिटांवरून दोन तासांना मार्क देताय.

बाकीचा सिनेमा आठवा की. रामिरेझ झालेला शॉन कॉनरी अस्सल स्कॉटिश, त्याला केलंय इजिप्तमध्ये जन्मलेला स्पॅनिश सरदार. ज्याला स्कॉटिश दाखवायचं तो क्रिस्तोफर लँबर्ट फ्रेंच बोलत वाढलेला. दिग्दर्शक रसेल मल्काही गाण्यांचे व्हिडिओ करणारा, त्यामुळं एकेक चौकट देखणी, पण कथेचे सांधे निखळलेले. अमेरिकेत सहा मिलियन डॉलरच्या आतच गल्ला आटोपला. लोकांनी तो नंतर कॅसेटवर डोक्यावर घेतला. अमेरिकन आवृत्तीतून तर महायुद्धाचा प्रसंगच कापला होता. कॉनर नाझींच्या तावडीतून एका लहान पोरीला वाचवतो, तीच ही रेचेल, जी पुढं पन्नाशीची होऊन त्याच्या दुकानात काम करते. तो प्रसंग काढल्यावर ती त्याची कोण, हे बघणाऱ्याला कळायचं कसं?

जे पहिल्यांदाच उत्तम झालंय ते पुन्हा करू नये. पण ज्याची कल्पना मोठी आणि घडण कच्ची, ते पुन्हा करायलाच हवं.

आणि पुन्हा करण्याचं एवढं वावडं आपल्याला कधीपासून? अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. त्यांचं ‘सौभद्र’ १८८२ चं. तेव्हापासून किती सुभद्रा आल्या, किती अर्जुन आले. पहिल्या सुभद्रेनंतर पडदा कायमचा पाडा, असं कुणी म्हणालं नाही.

नंदगडकर

नाटक आणि सिनेमा एक कसं धरता? नाटक प्रयोगापुरतं जगतं, पडदा पडला की संपलं, म्हणून ते पुन्हा उभं करावं लागतं. सिनेमा कुठं गेलाय? आहे तिथंच आहे, आज रात्री लावा. रेचेलचा प्रसंग असलेली पूर्ण आवृत्तीही मिळते. तुमचा आक्षेप कापलेल्या सिनेमावर आहे, त्यावर उपाय पूर्ण सिनेमा दाखवणं हा आहे.

टिळकवाडी पहिलं गेट

नंदगडचे असून हे म्हणताय? इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ ला तुमच्याच गावात फाशी दिली. त्याच्यावरची गीगी पदं, म्हणजे कन्नड पोवाडेच, तुम्ही लहानपणापासून ऐकत आलाय. कन्नड येणारा, न येणारा, दोघंही ऐकतात. कुठल्याही दोन गायकांचा रायण्णा सारखा असतो का? एक फितुरीवर रेंगाळतो, दुसरा आईवर. नव्या गायकानं जुन्याचं काही पुसलं नाही. गोष्ट मोठी असली की ती एकाच्या गळ्यात मावत नाही.

येळ्ळूरचा पट्टेकरी

मी फक्त तलवारीवर बोलतो, कारण दांडपट्टा आणि लाठी शिकवतो, शिवजयंतीच्या मिरवणुकीत पोरांना घेऊन उतरतो.

जुन्या सिनेमात लढाई शिकवायला बॉब अँडरसन होता, ऑलिंपिकमध्ये उतरलेला तलवारबाज. तो असूनही सुरुवातीची पार्किंगमधली लढाई बघा. घाव घालायच्या आधी खांदा उचललेला दिसतो, दोघंही एकमेकांची वाट बघत थांबतात, पाय जमिनीला चिकटलेले. ठिणग्या पाडायला तलवारींना वायरी जोडून बॅटरीचा करंट दिला होता, म्हणून पातं पात्यावर आपटायचं, अंगाकडं जायचंच नाही. लँबर्टची नजर फार अधू, चष्म्याशिवाय समोरचं धड दिसत नव्हतं, तरी तो लढला. त्याच्या हिमतीला माझा सलाम आहे. पण चारशे वर्षं तलवार चालवलेला माणूस असा लढणार नाही. इतक्या वर्षांत त्याच्या हालचालीतलं फालतू सगळं गळून गेलेलं असणार. एक पाऊल, एक वार, खलास. वयाची साठी ओलांडलेले वस्ताद असे खेळतात, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पोरं घाम गाळतात आणि वस्ताद जागचे हलत नाहीत.

स्टाहेल्स्की स्वतः स्टंट करत वर आलेला, ‘मॅट्रिक्स’मध्ये किआनू रीव्ह्जचा डबल होता. अमर माणसाचा अनुभव त्याच्या हातात दिसला पाहिजे, हे त्याला कळेल. माझं मत, काढाच.

वडगावची लेक

सगळे दादालोक हेदरसाठी हळहळायलेत, म्हणून मला लिहावंसं वाटलं. तिच्यावर काय गुदरलं ते एकानंही लिहिलं नाही.

रामिरेझला मारायला कुर्गन त्यांच्या घरी येतो तेव्हा कॉनर घरी नसतो, हेदर असते. रामिरेझचं मुंडकं उडवल्यावर कुर्गन तिच्यावर जबरदस्ती करतो. पडद्यावर ते दाखवलेलं नाही. ती पुढं सगळं आयुष्य कॉनरजवळ काढते आणि त्याला एका शब्दानं सांगत नाही. त्याला कळतं कधी? चारशे वर्षांनी, त्याच चर्चमध्ये, मेणबत्ती लावायला गेल्यावर, आणि तेही कुर्गनच्याच तोंडून. तिथं कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर? कॉनरच्या. तिचं दुःखसुद्धा त्याच्या सूडाला इंधन म्हणून वापरलं.

नंदगडकर दादा, तुम्ही म्हणता हेदर हाच सिनेमाचा जीव. मग त्या जिवाला बोलू द्या की. ती का गप्प राहिली? नवरा कधीच मरणार नाही आणि आपण मरणार, हे माहीत असलेली बाई रोज सकाळी उठून काय विचार करत असेल? त्यांना मूल होत नाही, अमर माणसांना होतच नाही. एवढं एक कळल्यावर आपल्याकडच्या कुठल्याही सुनेला त्या घरातलं वातावरण सांगावं लागणार नाही. १९८६ च्या सिनेमानं हे प्रश्न मांडून ठेवले आणि तलवार उचलून निघून गेला. माझ्यासाठी नवा सिनेमा ह्या एकाच कारणासाठी व्हायला हवा.

नंदगडकर

ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. तिच्या गप्प राहण्यावर एक अख्खा सिनेमा उभा राहील, ह्यात शंका नाही. पण तो हे लोक काढणार आहेत का? पहिली बातमी आली ती कॅव्हिलची, दुसरी तलवारीच्या सरावाची. तुमच्या मनातला सिनेमा वेगळा आहे आणि त्याला ‘हायलँडर’ नावाची गरजही नाही.

पुण्यात राहणारा खानापूरकर

मी नंदगडकरांच्या बाजूचा, पण माझं कारण निराळं. टिळकवाडीवाल्यांनी लँबर्टच्या बोलण्याला दोष म्हटलंय. माझ्या मते तीच त्या सिनेमातली सगळ्यात खरी गोष्ट आहे.

न्यूयॉर्कचे पोलीस कॉनरला पकडून नेतात आणि हवालदार टोमणा मारतो, तुझं बोलणं विचित्र आहे, कुठला तू? तो शांतपणे सांगतो, बऱ्याच ठिकाणचा. लँबर्टचं इंग्रजी खरोखरच कुठलंच वाटत नाही. ना स्कॉटिश, ना अमेरिकन, ना धड फ्रेंच. चारशे वर्षं देशोदेशी भटकलेल्या, आपल्याच गावानं हाकललेल्या माणसाची बोली अशीच असणार.

पुण्यात आलो तेव्हा ऑफिसात मी ‘काय करूलालास’ म्हणालो आणि सगळे वळून बघायला लागले. कन्नड आहेस का विचारलं. बेंगळुरूला बदली झाली तिथं विचारलं, महाराष्ट्रातून आलास का. सीमेवरच्या खानापूरच्या माणसाला हा प्रश्न कुणी शिकवायला नको. मला तो हवालदार ओळखीचा वाटला आणि कॉनरचं उत्तर पाठ झालं.

आता कॅव्हिल येणार. चांगला नट आहे, मेहनती आहे. पण त्याला भाषेचे मास्तर लावतील, १५३६ चा स्कॉटिश हेल घोटून घेतील, न्यूयॉर्कचा वेगळा. सगळं बरोबर होईल आणि तो उपरेपणा जाईल.

निपाणीकर

रिमेकचा अनुभव आपल्याएवढा कुणाला असणार? ‘सैराट’ २०१६ ला आपण मराठीत बघितला, २०१७ ला कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ आला. नायिका तीच, रिंकू राजगुरू. २०१८ ला हिंदीत ‘धडक’. तिन्ही बघितलेल्यांना विचारा. गोष्ट तीच, काही गाण्यांच्या चालीही त्याच. पण ‘सैराट’मध्ये करमाळ्याकडचा तो मुलूख होता, विहीर होती, बोली होती, आणि जात उघड दिसत होती. ‘धडक’मध्ये नेमकी जातच पुसट झाली आणि शेवटाचा घाव हलका बसला.

तरी मी सरसकट नको म्हणणार नाही. ‘आप्तमित्र’ मूळ मल्याळममधला, पण कन्नडमध्ये आपल्या भागातही लोकांनी तो आपला म्हणून बघितला. काय ठेवायचं, हे काढणाऱ्याला कळलंय की नाही, एवढ्यावर सगळं आहे. ‘हायलँडर’मध्ये ठेवायचं काय? नंदगडकर म्हणतात हेदर, खानापूरकर म्हणतात बोली, पट्टेकरी म्हणतात तलवार. इथंच एकमत नाही, तर लॉस एंजेलिसच्या मीटिंगमध्ये काय होणार?

कपिलेश्वर गल्ली

अमर माणसाचीच गोष्ट हवी तर अश्वत्थामा आहे की. कपाळावर मणी उपटल्याची जखम, ती भरत नाही, मरण येत नाही, तेल मागत फिरतो. आज्जी सांगायची तेव्हा झोप यायची नाही. ‘कल्की’मध्ये अमिताभला बघितलं, पण तिथं तो पुन्हा योद्धाच केला. तेल मागणारा म्हातारा कुणी दाखवला नाही. आपल्याकडच्या पोरांनी तो काढावा, इंग्रजांचं इंग्रज बघतील.

वडगावची लेक

अश्वत्थाम्याला शाप आहे, त्यानं झोपलेली पोरं मारली. कॉनरनं काहीच केलेलं नाही. तो नुसता तसा जन्मला आणि त्यासाठी गावानं त्याला मारून हाकललं. दोन्ही गोष्टी हव्यात, एकीनं दुसरीचं काम होत नाही.

नंदगडकर

माझा शेवटचा मुद्दा. सगळ्यांना मारून कॉनर एकटा उरतो तेव्हा त्याला बक्षीस काय मिळतं? त्याला म्हातारं होता येतं, मूल होऊ शकतं, मरता येतं. हेदरजवळ असताना जे हवं होतं ते मिळतं, ती नसताना. इतका पूर्ण शेवट फार थोड्या सिनेमांना साधतो. १९९१ च्या दुसऱ्या भागानं तो मोडला, अमर लोक परग्रहावरून आले म्हणून सांगितलं. मग तिसरा, मालिका, आणखी दोन. ‘शेवटी एकच’ म्हणणाऱ्या गोष्टीला शेवटच ठेवला नाही. नव्या सिनेमाचे पैसे लावणारे एका भागावर थांबतील, असं तुम्हाला खरंच वाटतं?

टिळकवाडी पहिलं गेट

नाही वाटत. ही भीती मलाही आहे आणि तुमच्या सगळ्या मुद्द्यांत हाच जड आहे. पण मालिकेचं नाव तुम्ही चुकीच्या यादीत घातलं. १९९२ ते ९८, सहा सीझन, एड्रियन पॉलचा डंकन मॅक्लाउड. गेलेल्या माणसांची आठवण घेऊन जगणं म्हणजे काय, हे तिनं सिनेमापेक्षा सावकाश आणि नीट दाखवलं. म्हणजे पुन्हा सांगून ही गोष्ट एकदा सुधारलेली आहे, म्हणून दुसऱ्यांदाही सुधारू शकते. इकडं लागला की मी पहिल्याच आठवड्यात जाणार. ताईंनी विचारलेल्या प्रश्नाला त्यात जागा आहे का, एवढं बघून इथंच लिहितो.