मदत हवी आहे: लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये इंटरॅक्शन उणे, पण शक्यतांमधला फरक उलट्या दिशेला

नमस्कार मंडळी,

प्रबंधातलं विश्लेषण इंटरॅक्शनपाशी (एका चलाचा परिणाम दुसऱ्या चलावर अवलंबून असणं) येऊन अडलं आहे. जाणकारांनी जरा बघावं.

अवलंबी चल: ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला (१) की मध्येच सोडला (०). स्वतंत्र चल दोन, दोन्ही हो/नाही स्वरूपाचे: मार्गदर्शक मिळाला का, आणि विषयाचा पूर्वानुभव होता का. शिवाय वय, सरासरी वजा करून घेतलेलं. कोइफिशंट (लॉग-ऑड्सच्या मापात) असे आलेत: स्थिरांक −२.२०, मार्गदर्शक ०.९०, अनुभव २.२०, मार्गदर्शक × अनुभव −०.३०. इंटरॅक्शनची पी-व्हॅल्यू ०.०५ च्या आत, म्हणजे सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय आहे.

०.९० हा आकडा सगळ्यांचा नाही, अनुभव नसलेल्यांपुरताच आहे, इथवर शंका नाही. त्यांच्यात मार्गदर्शकाचा ऑड्स रेशो (ऑड्स, म्हणजे पूर्ण करण्याची शक्यता भागिले सोडण्याची शक्यता, किती पट होतात) e^०.९० = २.४६. अनुभवींमध्ये ०.९० − ०.३० = ०.६०, म्हणजे १.८२. दोन्हींचं गुणोत्तर ०.७४. यावरून सरळ वाक्य सुचतं: अनुभवींना मार्गदर्शकाचा फायदा कमी.

पण सरासरी वय धरून शक्यता काढल्या की वेगळंच दिसतं. अनुभव नसलेले १० टक्क्यांवरून २१.४ टक्क्यांवर जातात, म्हणजे वाढ ११.४ ची. अनुभवी ५० वरून ६४.६ वर, वाढ १४.६ ची. म्हणजे फायदा अनुभवींनाच जास्त!

मला वाटतं, हे लॉजिस्टिक वक्ररेषेच्या आकारामुळे होतंय. ती ५० टक्क्यांपाशी सर्वांत चढी असते आणि टोकांकडे सपाट होत जाते. इंटरॅक्शन शून्य धरलं असतं तर अनुभवींची वाढ २१.१ आली असती. उणे इंटरॅक्शनने ती १४.६ वर आणली, तरी ११.४ च्या खाली काही गेली नाही. आय आणि नॉर्टन यांच्या २००३ च्या लेखातही हेच आहे: इंटरॅक्शनचा कोइफिशंट आणि शक्यतेवरचा इंटरॅक्शन परिणाम यांची चिन्हं विरुद्ध असू शकतात.

मार्गदर्शक कोणाला द्यायचे हे या निष्कर्षावरून ठरणार आहे, त्यामुळे मला शक्यतांमधला फरकच महत्त्वाचा वाटतो. पण मग पी-व्हॅल्यू कोणती द्यायची? ती −०.३० ची आहे, ३.२ च्या फरकाची (१४.६ − ११.४) नाही. या फरकाचा विश्वासांतराल (कॉन्फिडन्स इंटरव्हल) डेल्टा पद्धतीने (अंदाजे सूत्राने) काढावा की बूटस्ट्रॅपने (विदेतून पुन्हा पुन्हा नमुने घेऊन)? आणि वय सरासरीला धरावं, की प्रत्येकाचं खरं वय ठेवून शक्यता काढाव्यात आणि मग सरासरी घ्यावी? माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण शक्यता वयानुसारही सरकतात.

काम आर (R) या सॉफ्टवेअरमध्ये केलंय, कोड दिलात तरी चालेल.