'खुजी पाल' म्हणायचं की 'ठेंगणी'? आणि त्या छिद्रांचं काय करू?

कागदवाली: एका मासिकासाठी सह्याद्रीतल्या छोट्या पालींवरचा इंग्रजी लेख मराठीत करतेय. मुळात यांना 'ड्वार्फ गेको' म्हटलंय, त्यातल्या 'ड्वार्फ'ला खुजी म्हणू की ठेंगणी? निमॅस्पिस हे यांच्या गटाचं शास्त्रीय नाव. त्यातल्या 'कोल्हापूरेन्सिस'चं वर्णन २००९ साली झालं, 'गिरीआय'चं २०१४ साली, म्हणजे यातली बरीच मंडळी शास्त्राला तशी नवीच. अडलंय ते ओळखीच्या खुणांपाशी. कोल्हापूरेन्सिसच्या नराला मांडीपासून शेपटीच्या बुडापुढून दुसऱ्या मांडीपर्यंत बारीक छिद्रांची अखंड रांग असते. बऱ्याच भाईबंदांत ही रांग मध्येच तुटते. कोशातले शब्द जोडून माझं वाक्य झालं, 'नरात अवस्करपूर्व-ऊरु छिद्रांची अखंड श्रेणी आढळते.' (अवस्कर म्हणजे शेपटीच्या बुडाशी असलेलं मल, मूत्र आणि अंड्यांचं एकच द्वार, ऊरु म्हणजे मांडी.) मोठ्याने वाचलं तर घरातला लहान मुलगा विचारतो, "आई, पालीला सर्दी झालीय का?"

तिरकस: मुलगा बरोबर आहे. 'मांडीवरची छिद्रं' म्हणा आणि मोकळ्या व्हा.

ओळंबा: पण सगळी छिद्रं मांडीवर नसतात ना! काही अवस्कराच्या पुढे असतात आणि कुठली कुठे, किती, यावरच तर जात ठरते. मांडीवरची म्हटलंत की निम्मी माहिती गेली. आणि 'अवस्कर' चांगला जुना शब्द आहे. संस्कृतात त्याचा अर्थ मळ, केरकचरा. इंग्रजीत यालाच 'क्लोएका' म्हणतात, त्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तर सरळ गटार! उलट आपलाच शब्द सभ्य निघाला.

तिरकस: सभ्य असेल, पण तो कळतो फक्त तुम्हाला.

खडीसाखर: मला 'ठेंगणी' खटकतंय. ठेंगणं उंचीवरून ठरतं. पाल भिंतीला चिकटून आडवी असते, तिची उंची कुठून मोजणार? 'खुजी'चंही तेच. आमच्याकडे नुसतं 'इवली पाल' म्हणतील.

कागदवाली: 'इवली' मलाही आवडला. पण वाचकाला वाटेल घरातल्या पालीचं पिल्लू. ही पूर्ण वाढली तरी यातल्या अनेकींचं डोकं-धड मिळून चार सेंटीमीटरच्या आतच राहतं. शिवाय हिच्या डोळ्याची बाहुली गोल असते, घरातल्या पालीची उभ्या फटीसारखी. ही दिवसा वावरते आणि बोटंही सडपातळ, घरपालीसारखी पसरट गादी नाही. पिल्लू नव्हे, हे एका नजरेत कळतं.

ओळंबा: एक राहिलंच. वर 'जात' लिहिलं ते मुद्दाम. वर्तमानपत्रं 'पालीची नवी प्रजाती सापडली' छापतात, ते हिंदीतून आलेलं. मराठी विश्वकोशात पाहा, वाघ काय, आंबा काय, 'जाती'च म्हटलंय. प्रजाती म्हणजे वरची पायरी, अनेक जातींचा गट.

खडीसाखर: अहो, पण आता 'पालीची नवी जात' म्हटलं की लोकांना भलतंच ऐकू येतं. वापर बदलला, कोश मागे राहिला. आणि 'सापडली' तरी कशाला? ती तिथेच होती, आपण फक्त कागदावर तिचं वर्णन केलं.

सुरळी: खवल्यांबद्दल कुणी बोलेना, म्हणून मी. माझ्या एका लेखात संपादकांनी 'खवले' खोडून 'शल्क' केलं होतं, म्हणे खवले फक्त माशाला. मग खवल्या मांजराला शल्की मांजर म्हणायचं का? पालींच्या वर्णनात हाच शब्द सारखा लागतो. पाठीवरचे खवले एकसारखे की मधूनमधून मोठे, कुशीवर काटे आहेत की नाहीत, छातीवरचा खवला गुळगुळीत की त्यावर उभी धार.

तिरकस: 'धार' छान. कोशात तिला 'नौतल' आहे, म्हणजे होडीच्या तळाचा कणा. पालीच्या छातीवर होडी!

आडगल्ली: 'पाल' शब्दाचा उगम कुणाला माहीत आहे का? माझा अंदाज, ती तंबूच्या पालासारखी भिंतीला आडवी ताणलेली दिसते, म्हणून पाल.

ओळंबा: अजिबात नाही. संस्कृत 'पल्ली'. पंचांगात पल्लीपतन असतं, विसरलात?

आडगल्ली: पल्ली म्हणजे छोटं गावही होतं. मग गावावरून पाल?

सुरळी: पल्लीपतन! आजी पंचांग उघडून बसायची. पाल अंगावर कुठे पडली त्यावरून फळ. एकदा माझ्या डोक्यावर पडली आणि आजीने पान न उलटताच आंघोळीला पाठवलं.

खडीसाखर: आमच्याकडेही! आणि कुणी बोलताना पाल चुकचुकली तर 'सत्य आहे' म्हणून जमिनीवर बोट टेकायचं. निमॅस्पिस चुकचुकते का हो?

कागदवाली: मंडळी, उद्या मजकूर द्यायचाय. अवस्करपूर्व ठेवू की काढू?

आडगल्ली: ते बघू. आधी सांगा, आजी उजवा-डावा खांदा वेगळा धरायची का?