मत्तय 20 आणि रोमकरांस 9 एकाच बैठकीत घ्यावेत का?

कुर्ला_तरुणसंघ:
जय ख्रिस्त. रविवारच्या उपासनेनंतर तरुण संघात 40 मिनिटं मिळतात. विषय देवाचं सार्वभौमत्व आणि कृपा. द्राक्षमळ्याचा दाखला (मत्तय 20, मळ्याचा मालक आणि दिवसभरात वेगवेगळ्या वेळी कामावर घेतलेले मजूर) आणि पौलाच्या पत्रातला रोमकरांस 9 असे दोन्ही घ्यायचे आहेत. मुलं कॉलेजची, दोनतीन कॅथलिक मित्रही येतात. 'मग आपण काही केलं काय, न केलं काय' इथे गाडी दरवेळी अडकते. सुरुवात कुठून करू?

भायखळा_पूर्व:
दोन्ही पूर्ण नकोत, 40 मिनिटांत दाखलाच नीट होईल. वाचन 20:1 पासून नाही, 19:27 पासून करा. 'आम्ही सगळं सोडलं, आम्हाला काय मिळणार' हा पेत्राचा सवाल, आणि दाखला हे त्याचं उत्तर. अध्याय मध्येच तुटल्यामुळे हा धागा सुटतो.

मग फळ्यावर वेळा लिहा: पहाट, 9, 12, 3, 5. पहिल्यांशी एक दीनार ठरला, म्हणजे दिवसाची मजुरी. 9 वाल्यांना 'योग्य ते देईन'. 5 वाल्यांशी जुन्या हस्तलिखितांत पैशांचं बोलणंच नाही. मजूर नाका मुंबईच्या मुलांना समजावावा लागत नाही. संध्याकाळपर्यंत उभा राहिलेला आळशी नव्हता, त्याला कुणी कामावर नेलंच नाही (20:7).

संध्याकाळी मात्र सगळ्यांना सारखाच एक दीनार मिळतो, आणि पहाटेचे कुरकुरतात. खरी खोच वाटपाच्या क्रमात आहे. पहाटेच्यांना आधी देऊन वाटेला लावलं असतं तर भांडणच झालं नसतं. मालकाने शेवटच्यांपासून सुरुवात करून त्यांना मुद्दाम बघायला लावलं. ठरलेल्यातला पैसाही कापला नाही (20:13), उरलेलं त्याच्या मर्जीचं (20:15).

माहीम_वाचक:
एक खबरदारी. 'कृपा' म्हटलं की मुलांना दहावीचे ग्रेस मार्क आठवतात. ते काठावर नापास झालेल्याला मिळतात, म्हणजे थोडी कमाई आधी लागतेच. इफिसकरांस 2:1 मधला माणूस काठावर नाही, मेलेला आहे. 2:8-9 वर (तारण कृपेने, कर्मांनी नाही) थांबू नका, 2:10 वाचाच. सत्कर्मं तिथे आहेत, पण तारणानंतरची. तुमची गाडी तिथे सुटेल.

रोमकरांस 9 मधली फक्त 15-16 ही वचनं घ्या, सोबत निर्गम 33:19, 'ज्यावर दया करायची त्यावर मी दया करीन'. ते वचन सोन्याच्या वासराच्या पापानंतरचं आहे, म्हणजे मूळ मुद्दा दयेचा. कुंभार मातीचं हवं ते करतो, या उदाहरणावर (9:21) थांबलात तर मुलं 'देवाने लिहिलेलं नशीब' एवढंच घेऊन घरी जातील. पौल तर 10:1 मध्ये ज्यांच्याबद्दल हे लिहितो त्या इस्राएल लोकांच्या तारणासाठी प्रार्थना करतो.

वसईकर:
कॅथलिक मित्रांना 'तुम्ही तारण कमावता' असं म्हणू नका, ते चूक आहे. केवळ स्वतःच्या कर्मांनी, कृपेशिवाय कुणी नीतिमान ठरत नाही, हे कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेने 1547 मध्येच पहिल्या नियमात म्हटलंय. 31 ऑक्टोबर 1999 ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि लूथरन मंडळींनी या विषयावरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, 2006 मध्ये मेथडिस्टही आले. वाद उरतो तो कृपेला नाही म्हणता येतं का, यावर. ट्रेंट आणि मेथडिस्टांचा संस्थापक वेस्ली हो म्हणतात, कॅल्विनच्या परंपरेतली डॉर्टची सभा (1618-19) नाही म्हणते. म्हणजे हे भांडण प्रोटेस्टंटांच्या घरातही आहेच.

कुर्ला_तरुणसंघ:
मग 19:27 पासून, आणि रोमकरांसची दोनच वचनं. शेवट 20:15 वर करू?

भायखळा_पूर्व:
हो, 10 मिनिटं तिथे राखून ठेवा. ग्रीकमध्ये शब्दशः 'मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट आहे का' असं आहे, म्हणजे जळतोस का. कुरकुर करणाऱ्याने काय उत्तर दिलं ते दाखल्यात नाही. तुम्हीही सांगू नका, मुलांना विचारा.