मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या यॉर्कचा रोमन किल्ला नकाशावर बसत नाहीये

खडूफळा: आजच्या नकाशावर रोमन किल्ल्याची रेघ मारतोय. तटावरून गेलो तर आकार वेडावाकडा येतो आणि क्षेत्रफळ 50 एकरांच्या कितीतरी पुढे जातं. कुठे चुकतंय? आज रात्री द्यायचंय.

गिरमिट: तट कुठला धरलात? ऊझ नदीच्या दोन्ही काठांचा?

खडूफळा: हो, आख्खा. एकच आहे ना?

गिरमिट: तिथेच घोळ. दिसतो तो तट मध्ययुगातला. किल्ला फक्त ऊझ आणि फॉस या नद्यांच्या बेचक्यात. जुन्या तटावर नवा चढलाय तो वायव्य आणि ईशान्य बाजूंनाच: मल्टँग्युलर टॉवर हा बुरूज, बूदम बार आणि मंक बार ही दारं. उरलेल्या दोन बाजू दुकानांखाली गेल्यात.

पाटीपेन्सिल: टॉवरसुद्धा आख्खा रोमन धरू नका. खालचे छोटे चौकोनी दगड आणि मधला लाल विटांचा पट्टा रोमन. वरचे मोठे दगड, बाण मारायच्या फटी, हे सगळं नंतरचं.

अडाणी_विद्वान: मुळात यॉर्कचं रोमन नाव एबोराकुम म्हणजे रानडुकराचं गाव.

पाटीपेन्सिल: नाही हो. मूळ केल्टिक शब्द बहुधा यू झाडाचा. डुक्कर आणलं अँग्लो-सॅक्सनांनी, ‘एओफोरविक’ करून. त्याचं व्हायकिंगांनी योर्विक केलं.

अडाणी_विद्वान: डुक्कर शोभतं मात्र.

सहज_सुचलं: यापेक्षा कोल्चेस्टर घ्या, ते जास्त जुनं. यॉर्क 71 सालचं, रोमन सैन्याच्या नवव्या लीजनने (तुकडीने) वसवलेलं.

खडूफळा: कोल्चेस्टर कोणी विचारलंय? तट बदलला, तरी तिरकं येतंय.

गिरमिट: मिनस्टरला, म्हणजे यॉर्कच्या मोठ्या चर्चला, समांतर लावलंत का?

खडूफळा: हो. मुख्यालय त्याच्याच खाली होतं ना?

गिरमिट: खाली होतं, पण दिशा वेगळी. चर्च पूर्व-पश्चिम, किल्ल्याचा अक्ष नैर्ऋत्य-ईशान्य. स्टोनगेटवर पट्टी ठेवा, तो जुना मुख्य रस्ता. त्याला साधारण काटकोनात पीटरगेट: एका टोकाला बूदम बार, दुसऱ्याला किंग्ज स्क्वेअर. दोन्हीकडे किल्ल्याची दारं होती. आणि ‘गेट’ वाचून दरवाजा काढू नका, इथे गेट म्हणजे रस्ता, दरवाजा म्हणजे बार.

खडूफळा: फिरवलं, बसलं! दक्षिणेचा कोपरा?

गिरमिट: फीजगेटजवळ. वर काही दिसत नाही, तुटक रेघ द्या.

सहज_सुचलं: मिनस्टरचं तिकीट कितीला आहे?